साउंडबारला शिवलेला सफारी

म्हैसूरला कुवेंपुनगरात ज्यांच्या घरी वरच्या मजल्यावर मी भाड्यानं राहत होते, त्या घरमालकांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची. शाळेतले मास्तर नव्हेत, कपडे कापणारे. नवऱ्याची नोकरी नाशिकला आणि माझी इथल्या एका कारखान्याच्या खरेदी विभागात, त्यामुळे जागा पाहायला मी एकटीच गेले होते. विचारायच्या गोष्टींची यादी हातात होती: पाणी किती वेळ, मीटर वेगळा का, पार्किंग कुठे. मास्तरांनी दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं आणि यादीतला एकही प्रश्न यायच्या आत म्हणाले, "डावा खांदा अर्धा इंच खाली आहे. पिशवी बदलत जावा."

मी पिशवी दुसऱ्या खांद्यावर घेतली. जागा मिळाली.

त्यांचं घराणं म्हैसुरात किती पिढ्यांपासून आहे ते त्यांनाही सांगता येत नव्हतं. विठ्ठलाच्या देवळातलं भजन आणि घरातली मराठी एवढं त्यांनी जपलं होतं. मराठीही अशी, की वाक्य मराठीत निघायचं आणि कन्नडमध्ये पोचायचं. दुकान बंद करून बरीच वर्षं झाली होती, पण जुनी चार गिऱ्हाइकं घरी येत आणि खिडकीपाशी मशीन चालू असे.

त्या घरात उघडी म्हणून वस्तू नव्हती. फ्रीजला राखाडी सुटिंगचा कोट, मिक्सरला चेक्सचा झगा, पाण्याच्या फिल्टरला चेन लावलेलं जाकीट. रिमोटला बटणं दिसावीत म्हणून प्लास्टिकची खिडकी असलेलं कव्हर. उरलेली चिंधी फेकायची नाही हा एक भाग, पण मुख्य गोष्ट वेगळी होती. नवी वस्तू घरात आली की आधी तिला कपडा, मग ती वापरायची, हा त्यांच्याकडचा नियम. त्यांच्या वडिलांचाही तोच होता म्हणे. मी नवा कुकर आणला तर दुसऱ्या दिवशी पायरीवर त्याचं कव्हर ठेवलेलं. शिट्टीसाठी वर भोक, भोकाला पायपिंग.

"मास्तर, कुकर गॅसवर असताना हे घालायचं नाही ना?" मी विचारलं.

"मॅडम, तुम्ही कोट घालून आंघोळ करता का?"

ते कुठलीही गोष्ट लिहीत नसत. माझ्या फ्रीजवर लावलेल्या याद्या पाहून एकदा म्हणाले, "एवढं लिहिल्यावर डोक्याला काय काम उरलं? सुम्ने बसून खातंय ते." सुम्ने म्हणजे उगाच. माझं डोकं उगाच बसून खात नव्हतं हे त्यांना पटवण्यात माझी पहिली दोन वर्षं गेली.

एका रविवारी सकाळी ते वर आले. आले की दारातच बोलायला लागायचे, समोरच्याचं बोलणं अर्धवट सोडून आपलंच पुढे न्यायचे, हा त्यांचा स्वभाव म्हणून मी स्वीकारला होता.

"तुम्ही कंपनीत खरेदी करता की नाही? आमची एक खरेदी करा. टीव्हीसमोर ठेवायची ती आवाजाची पट्टी. हिला ऐकू येत नाही."

ही म्हणजे त्यांची बायको. मी त्यांना काकू म्हणे. खालच्या टीव्हीचा आवाज किती असतो ते मला सांगायची गरज नव्हती. संध्याकाळच्या बातम्या मी माझ्या फरशीतून ऐकत होते.

घाई का, ते मागाहून कळलं. त्यांचा मुलगा बेंगळुरूला होता. मागच्या खेपेला तो न कळवता आला, घंटा वाजवत बाहेर उभा राहिला आणि आत टीव्ही गर्जत होता. शेवटी शेजाऱ्यांच्या गच्चीवरून हाका मारून त्यानं दार उघडून घेतलं. त्या दिवशी त्यानं निकाल दिला: आईला ऐकू येत नाही, उद्या गॅस चालू राहिला तर कुणाला कळेल? पुढच्या महिन्यात पुन्हा येतो, असंच असेल तर दोघांनीही बेंगळुरूला यायचं, घर भाड्यानं द्यायचं.

"तिथं कितव्या तरी मजल्यावर राहतो तो," मास्तर म्हणाले. "मशीन चालवलं तर खालचे तक्रार करतात. मी काय करू तिथं? लिफ्ट मोजू?"

मी काकूंना एकटं गाठून विचारलं, "तुम्हाला खरंच कमी ऐकू येतं?"

"हो," त्या म्हणाल्या. "कमीच येतं."

इथून माझा गोंधळ सुरू झाला. कारण त्याच वेळी दोन गल्ल्या पलीकडे भाजीवाल्यानं हाक दिली आणि काकू पिशवी घेऊन उठल्या. मला ती हाक ऐकूच आली नव्हती. मी कागद घेऊन दोन रकाने आखले. एकीकडे काकूंना काय ऐकू येतं: भाजीवाला, कुकर, फाटकाची कडी. दुसरीकडे काय येत नाही: माणसांचं बोलणं. कारण कुणी काही बोललं की त्या हमखास मोठ्यानं विचारायच्या, "काय म्हणाला? अमुक म्हणाला का?" आणि जे म्हटलेलं असे तेच बरोबर सांगायच्या. ऐकू आलं नसेल तर बरोबर कसं सांगतात? आलं असेल तर विचारतात कशाला? मी शेवटी असा निष्कर्ष काढला की त्यांना आवाज येतो, शब्द फुटत नाहीत. अशा माणसाला नुसता मोठा आवाज उपयोगी नाही. बोलणं वेगळं, ठळक करून देणारा साउंडबार हवा. निष्कर्ष नीटनेटका होता. मी खूश झाले.

मग मी अभ्यासाला लागले आणि खुशी गेली. एकाच किमतीत एका कंपनीचे दोन स्पीकर, दुसरीचे पाच. एकाबरोबर खोका, एकाबरोबर नाही. कुठे वॅटचे आकडे असे, की वाचून वाटावं यावर चक्की चालेल. तक्ता करत गेले तसे रकाने वाढत गेले आणि निर्णय लांब गेला. शेवटी अर्धे रकाने खोडले आणि एवढंच ठेवलं: बोलण्यासाठी मधोमध वेगळा स्पीकर, बोलणं ठळक करायची सोय, टीव्हीला एकाच तारेनं जोडणी, आणि मास्तरांची भजनं फोनवरून लावता यायला ब्लूटूथ.

एकाच तारेची जोडणी त्यांच्या टीव्हीला चालते का हे पाहायला मागची बाजू बघायची होती. त्यासाठी टीव्हीच्या कव्हरची सात बटणं काढावी लागली. मागे एका खाचेवर बारीक अक्षरात एआरसी लिहिलेलं सापडलं. ती खाच असेल तर टीव्हीचा आवाज त्याच तारेतून बारकडे जातो. मी मास्तरांना हे समजावलं. त्यांनी मान हलवली आणि म्हणाले, "हे काज कुणी केलंय? किती ओबडधोबड."

दुकानात आम्ही तिघं गेलो. सेल्समननं आवाज दाखवायला जे लावलं त्यात हेलिकॉप्टर पडत होतं. पडल्यावर आग, आगीतून गाड्या. मास्तर ढिम्म.

"सर, टीव्ही किती इंच?" सेल्समननं विचारलं.

मास्तर काकूंकडे पाहू लागले. काकू मोठ्यानं म्हणाल्या, "काय म्हणतोय? टीव्ही किती इंच विचारतोय का?"

"त्रेचाळीस," मास्तर म्हणाले, आणि मला हळूच, "बघितलं? सगळं दोनदा सांगावं लागतं हिला."

त्यांनी खिशातून टेप काढून बार मोजायला सुरुवात केली. सेल्समननं दाखवलेला पहिला टीव्हीहून रुंद निघाला. "हे काय? शर्टाच्या खाली बनियन लोंबतंय," म्हणून तो बाद. दुसऱ्याबरोबर गुडघ्याएवढा खोका होता.

"सर, सबवूफर. बेससाठी. भिंती हलतील."

काकूंनी तेही मोठ्यानं सांगितलं.

"भिंती मी बांधल्यात," मास्तर म्हणाले. "बेडा." म्हणजे नको.

मी मध्ये पडले आणि म्हटलं, हेलिकॉप्टर बंद करा, बातम्या लावा. बातम्या लावल्यावर मात्र काम झालं. एक मध्यम लांबीचा, बुटका, काळा बार होता. त्यात बोलण्याची सोय चालू केली की निवेदिका जणू चार पावलं पुढे येऊन बोलायची. काकू लगेच म्हणाल्या, "हा चांगला." मास्तरांनी त्याची उंची मोजली, टीव्हीचा पडदा झाकला जाणार नाही हे पाहिलं आणि म्हणाले, "फिटिंग बरोबर आहे."

घरी तार जोडली. लावला, तर निवेदिका प्रत्येक शब्द दोनदा म्हणायला लागली, दुसरा पहिल्याच्या जरा मागून. मी चक्रावले. मेनूत शिरून बाहेर आले, तार काढून घातली. अर्ध्या तासानं उलगडलं की टीव्हीचे स्वतःचे स्पीकरही चालूच होते. आवाज एकीकडून लवकर आणि दुसरीकडून उशिरा येत होता. मी टीव्हीचे बंद करायला गेले तर मास्तर म्हणाले, "राहू द्या की. पहिल्यांदा चुकलं तर दुसऱ्यांदा ऐकू येतं."

मी बंद केले. बोलणं ठळक करायची सोय चालू केली. आवाज आधीच्या निम्म्यावर आणला. काकू म्हणाल्या, शब्द न् शब्द येतो. मास्तर बारच्या अगदी जवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "हिला बरं पडेल." मी वर जाऊन फ्रीजवरच्या यादीतल्या त्या ओळीवर रेघ मारली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर काकू जिन्यातच. "बिघडला. गोधडीत तोंड घालून बोलल्यासारखं येतंय. आता तर मलासुद्धा कळत नाही."

खाली गेले. खरंच तसं होतं. निवेदिकेला कुणीतरी पोत्यात घातलं होतं. मी तार तपासली. मेनू तपासला. बोलण्याची सोय चालू होती. रात्रीचा मंद आवाज म्हणून एक प्रकार असतो, तो बंद होता. ब्लूटूथवर भजन लावून पाहिलं. टाळ लाकडाचे असल्यासारखे वाजले. म्हणजे दोष टीव्हीचा नाही, बारचा. पुस्तिकेत दिलेल्या सगळ्या गोष्टी ओळीनं केल्या. कंपनीच्या नंबरवर फोन केला, त्यांनी विचारलेल्या सगळ्याला होय म्हटलं. मास्तर खुर्चीत शांत बसून एका पँटची शिलाई उसवत होते. एवढ्या शांतपणे, की तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

शेवटी फोनवरचा म्हणाला, मॅडम, बारच्या वरचं बटण दाबून धरा, तो पहिल्यासारखा होईल. मी वाकून बटण शोधायला लागले. बटण होतं. पण त्याच्याभोवती धाग्यानं विणलेलं गोल काज होतं.

मी बोट फिरवलं. जी बारची जाळी समजत होते ते कापड होतं. काळं, जाड, उंची सुटिंग. प्रत्येक बटणाला काज, रिमोटचा किरण शिरतो त्या टिंबापुढेही मोहरीएवढं काज, मागे तारेसाठी पाकिटाच्या तोंडासारखी पट्टी. कुठे सुरकुती नाही. काल दिलेली वस्तू आणि आजची वस्तू यांत डोळ्यांना काडीचा फरक नव्हता.

"मास्तर, हे काय?"

"सफारीचं कापड आहे. एका मोठ्या साहेबानं दिलेलं, मग त्याची बदली झाली. वीस वर्षं जपलं होतं मी."

"अहो, पण आवाज समोरून येतो याचा! समोरूनच तुम्ही तोंड बांधलंत त्याचं!"

काकू म्हणाल्या, "काय? समोरून तोंड बांधलं, असं म्हणताय का?"

मास्तर उभे राहिले. "मग काय उघडं ठेवायचं? घर आहे हे मॅडम, लॉज नव्हे. धूळ बघा किती येते."

"रविवारी तुमचा मुलगा येतोय. हे असं वाजलं तर काय होईल?"

काकूंनी तेही पुन्हा म्हटलं, या वेळी सावकाश.

मास्तर खाली बसले. बराच वेळ त्यांनी ते कापड दोन बोटांत धरून चाचपलं. मग एका शिंप्याची गोष्ट सांगायला लागले. त्यांच्याच गल्लीत दुकान होतं त्याचं. चांगला कारागीर. "त्याचे कान गेले. गिऱ्हाईक म्हणायचं सैल ठेवा, हा घट्ट शिवायचा. सुरुवातीला लोक हसले. मग त्याच्या पोराला सांगायला लागले, त्याच्याशी कुणी बोलेना. मग माप द्यायलाच येईनात. डोळा होता, हात होता. तरी संपला."

याचा साउंडबारशी काय संबंध ते मला कळलं नाही. मी गृहीत धरलं की विषय बदलतायत. म्हटलं, समोरच्या बाजूला मच्छरदाणीची जाळी लावा, बाकी सुटिंग राहू द्या. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू पहिल्यांदाच मी काहीतरी शहाणपणाचं बोलले. रात्रीपर्यंत बारला नवी छाती बसली. निवेदिका पोत्यातून बाहेर आली.

रविवारी मुलगा आला. चाळिशीचा, कामाचा माणूस. बोलायला लागल्यावर माझ्यासारखाच बोटांवर मुद्दे मोजणारा. मला खाली बोलावलं होतं. यंत्रात काही झालं तर हाताशी असावी म्हणून.

"आवाज कमी करा," तो म्हणाला. मी केला. "अजून." अजून केला. बातम्या कन्नडमध्ये चालल्या होत्या. मास्तर आणि काकू सोफ्यावर शेजारी शेजारी बसले होते, परीक्षेला बसल्यासारखे. मुलानं जरा वेळ जाऊ दिला आणि विचारलं, "आई, आत्ता ती काय म्हणाली?"

"उद्या आपल्या भागात करंट नाही म्हणते," काकू मास्तरांकडे वळून म्हणाल्या. "सकाळी दहा ते पाच."

"दहा ते पाच," मास्तर म्हणाले. "म्हणजे उद्या इस्त्री नाही."

मुलानं आणखी दोनदा विचारलं. काकूंनी दोन्ही वेळा बरोबर सांगितलं. त्याचा चेहरा सैलावला. मला म्हणाला, "ताई, थँक्स. मला वाटलं होतं आईचं पार गेलंय." मला स्वतःचा अभिमान वाटला हे खरं आहे. काकू कॉफी करायला आत गेल्या.

मास्तरही खुशीत आले. मुलाकडे बघून म्हणाले, "हे काय घातलंस? रेडीमेड? खांदा कुठं चाललाय बघ. ऊठ. शर्ट शिवतो." मुलगा उठला, लहानपणीच्या सवयीनं दोन्ही हात बाजूला पसरून उभा राहिला. मास्तर त्याच्या पाठीमागे गेले. मला म्हणाले, "लिहा तुम्ही. आवड आहे तुम्हाला." मी पेन्सिल घेतली.

"खांदा, हदिनेंटु." मी अठरा लिहिलं.

"अप्पा, छाती जरा सैल ठेवा," मुलगा म्हणाला.

"छाती, मूवत्तेंटु."

मी अडतीस लिहिलं.

"अप्पा, सैल म्हटलं. आताशा घट्ट होतं मला."

"लांबी," मास्तर म्हणाले आणि टेप खाली सोडला.

मुलगा थांबला. मग तसाच हात पसरून, भिंतीकडे तोंड करून, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "अप्पा, तुमच्या पायावर पाल आहे."

मास्तर वाकून लांबी बघत होते. "मूवत्तु," ते म्हणाले.

मुलानं माझ्याकडे पाहिलं. मी कागदाकडे पाहिलं. तीस लिहायचं होतं, ते लिहिलं. भाजीवाल्याची हाक, दुकानातले प्रश्न, सगळं दोनदा बोलणाऱ्या काकू. माझे दोन रकाने आखलेले होते ते बरोबरच, पण नाव चुकीच्या माणसाचं.

काकू कॉफीचा ट्रे घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. कधीपासून, कुणास ठाऊक.

"आई," मुलगा हलक्या आवाजात म्हणाला, "तू नव्हेच का? हे..."

"सुम्निरो," काकू तितक्याच हळू म्हणाल्या. गप्प राहा. "माप घेऊ दे त्यांना."

"आणि बेंगळुरूचं?"

"तिथं त्यांच्याशी कोण दोनदा बोलणार? तुझी ऑफिसला जायची घाई."

मास्तर टेप गुंडाळत पुढच्या बाजूला आले. सगळ्यांचे चेहरे पाहून म्हणाले, "काय? काय झालं?"

काकूंनी ट्रे टीपॉयवर ठेवला आणि मोठ्यानं, त्यांच्याकडे तोंड करून म्हणाल्या, "काय म्हणतोस रे? छाती सैल ठेवायची म्हणतोस का?"

"सैल?" मास्तर मुलाला म्हणाले. "छाती बरोबर आहे. पोट सुटलंय तुझं, ते सांग. ठेवतो सैल. तोंडानं सांगायला काय झालं होतं?"

मुलानं हात खाली घेतले. वडिलांच्या अगदी समोर आला. "न्यायला कधी येऊ?" त्यानं विचारलं, एकेक शब्द सुटा करून.

"पुढच्या महिन्यात ये. ट्रायलला. मी पार्सल पाठवत नसतो."

"येतो. दर महिन्याला येतो. इथेच."

"दर महिन्याला कशाला? एक शर्ट आहे," मास्तर म्हणाले. मग कॉफीचा पेला घेऊन सोफ्यावर बसले आणि माझ्याकडे वळले. "बघितलं मॅडम? हिच्यात किती फरक पडला तुमच्या पट्टीमुळं."

"हो तर," काकू म्हणाल्या. "आता स्पष्ट येतं मला."

मीही हो म्हटलं.

टीव्हीवर बातम्या चालूच होत्या, अगदी बारीक आवाजात. मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं, काकूंकडे पाहिलं. "स्वल्प वाढव की रे," ते म्हणाले. "हिच्यासाठी."

मुलानं आईकडे पाहिलं. रिमोट उचलला आणि आवाज वाढवत गेला, मास्तरांची मान बातम्यांबरोबर हलायला लागेपर्यंत.